विचारपूस

केतकीने फोटो काढले तेव्हा
खोली होती त्याहून मोठी झाली.
पलंगाखालची वळकटी तिने बाहेर काढली,
सहकारी बँकेचं कॅलेंडर उतरवलं,
माझी कोरफड नेऊन खिडकीत ठेवली
आणि खाली लिहिलं : मांडवीपासून चालत सात मिनिटं.
माझ्या गुडघ्यांनी ती चौदा आहेत.

दांडिया बाजारातल्या या माडीवर
अठ्ठावीस वर्षं एकच भाडेकरू होते,
टंकलेखनाचे वर्ग घेणारे धर्माधिकारी.
त्यांच्या टेबलाच्या पायांचे खळगे
फरशीत अजून आहेत.
आताची माणसं दोन रात्रींची.
खळगा पडतो तो उशीला,
तोही अकराच्या आत थापटून काढायचा.

नवरात्रात लेस्टरच्या सात मुली राहिल्या.
घागऱ्यांचे आरसे मोरीत गळले,
ते दिवाळीपर्यंत माझ्या टाचेला सापडत होते.
एक गृहस्थ कोर्टाच्या तारखेला यायचे,
जाताना चादरीची घडी
इस्त्रीवाल्यानेही घातली नसती अशी.
मग तारखा संपल्या.
निकाल काय लागला, कुणाला विचारू?
एकजण फ्रिजमध्ये अर्धा लीलो चेवडो विसरला.
तो ओला असतो, दोन-तीन दिवसांचाच,
हे त्याला दुकानदाराने सांगितलं असेल.

दाराला किल्ली नाही, चार आकडे आहेत.
केतकी ते दर वेळी बदलते.
माझ्याच माडीत शिरायला
मी तिला फोन करते.

पाहुणे निघाले हे मला जिन्याची सहावी पायरी सांगते.
ती करकरते.
'येतो' म्हणत नाही कुणी.
'जातो' तरी म्हणा, बाबांनो,
मला रागावता तरी येईल.

मग एका जोडप्याने चारच तारे दिले.
पाचवा का कापला तेही लिहिलं :
खोली स्वच्छ, पाणी गरम,
मालकीणबाई 'जेवलात का' फार विचारतात.
केतकी म्हणाली, आत्या, नको ना विचारूस.
म्हटलं, बरं.

पौषात, रात्री दीडला,
दुमक्याहून फुलमणी हेंब्रम आली.
तीन रात्री. पैसे नंदेसरीच्या ठेकेदाराने भरलेले.
भाऊ सयाजी हॉस्पिटलात, भाजलेल्यांच्या वॉर्डात.
हे सगळं केतकीच्या फोनवर.
मी विचारलं नाही.
पायरी पहाटे चारला वाजली, रात्री अकराला वाजली,
मधल्या वेळात तिने काय खाल्लं,
मी विचारलं नाही.
बडोद्यात थंडी ती काय, पण तिच्या अंगावर
नुसती ओढणी होती. तेही नाही.

दुसऱ्या रात्री पोहे केले,
वर ताटली झाकली, चमचा ठेवला
आणि आवाज नको म्हणून
पाचवीवरून थेट सातवीवर पाय टाकला.
या गुडघ्यांनी.
दार वाजवलं नाही. उंबऱ्याशी ठेवून आले.

सकाळी बशी आणि ताटली माझ्या ओट्यावर,
घासलेली, पालथी.
उचलली तर खाली साखरेच्या दोन पुड्या,
गाडीतल्या चहाबरोबर देतात तसल्या.
म्हणजे तिकडेही
भांडं रिकामं धाडत नाहीत.

चौथ्या दिवशी जीप आली.
तिने खालून मला काहीतरी म्हटलं,
दोन शब्द, तिच्या भाषेतले.
एकटी चालली होती की भावाला घेऊन,
जीपच्या काचा काळ्या होत्या.
मी हात वर केला.
केतकीने तासाभरात आकडे बदलले.

तारे आले नाहीत.
एक पुडी मी चहात घातली.
दुसरी मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीवर आडवी पडून आहे,
फोडणी देताना बोटाला लागते.

आज बाराला भावनगरचे तिघे येतायत,
लांबून, गाडी चालवत, उन्हातून.
मी तोंडात लवंग धरून
दारात उभी आहे.